सर, मला वाचता येत होतं

सर, आपल्या क्लासमधी सगळ्यात इमानदार हात माझा, हे मी नाय, तुम्ही स्वतः म्हणले होते, भर परीक्षेत, चाळीस लोकांसमोर. आन् त्या दिवशी तुम्ही जितकं चुकले, तितकं आयुष्यात कधी चुकले नसताल.

तुम्ही जाऊन आज बावीस दिवस झाले. शोकसभेत एक वही फिरवली, ज्यानं त्यानं सरांबद्दल चार ओळी लिव्हाव्या म्हणून. वही माझ्यापाशी आली तर जोशीकाकांनी वरच्या वर उचलली आन् म्हणले, "बबन, तू नुसतं सांग, मी लिहून घेतो." मी म्हणलं, "लिव्हा, सर लई चांगले होते." काकांनी लिव्हलं. मी वाकून बघितलं तर 'सर फार चांगले होते' असं होतं. माझ्या लईचं काकांनी फार केलं. मला दिसलं, पण बोलतो कसा? मला तर वाचताच येत नाय ना.

म्हणून हे वेगळं लिव्हायलोय, पोरीच्या गेल्या वर्षीच्या वहीतल्या कोऱ्या पानांवर. हे कुणाला दावायचं नाय. तुमचं तुम्ही वाचा. वेलांट्या चुकल्या असतील, पण चुकलं की परत करायला लावायची तुमची सवयच हाय, लावा.

तुमच्याकडं मी शिकायला आलोच नव्हतो. चितेगावच्या गोडाऊनमधून नव्या मॅट आणल्या होत्या माझ्या लोडिंग रिक्षात. हॉलमधी मॅट टाकता टाकता पाय घसरला आन् दोन्ही पाय असे फाकले की एक जालना रोडकडं, एक जळगाव रोडकडं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही हसले नाय. जवळ येऊन नाव विचारलं आन् म्हणले, "बबनराव, हे माझ्या पोरांना दोन वर्षांत जमत नाही."

मी म्हणलं, "सर, मला बी जमलं नाय. झालं."

"उद्या संध्याकाळी सहाला या," म्हणले.

एकेचाळीस वर्षाचा घोडा मी, पांढरा बेल्ट बांधून आलो. बायको म्हणली, "काय करायलाव? तायक्वांदो? आधी ते बोलून तर दावा." तीन दिवस मी त्याला टायकांडो म्हणत होतो. शिजाक म्हंजी सुरू, हे कळाल्यावर तर मी सिग्नल हिरवा झाला की रिक्षात एकटाच ओरडायचो, शिजाक! एकदा बाजूच्या मोटरसायकलवरचा दचकून पडता पडता वाचला.

पण लढत आली की माझी सगळी हवा जायची. तुम्हाला माहीत हाय. पूमसे, म्हंजी एकट्यानं ठरलेल्या चाली, करायला सांगा, हवेत लाथा मारायला सांगा, फळी फोडायला सांगा. फळी उलटून मारत नाय. माणूस मारतो.

आन् तुमचा नियम एकच. बेल्ट पाहिजे तर दोन राऊंड लढायचे. मार खाल्ला तर चालंल, पडलं तर चालंल, हरलं तर बी चालंल. पाठ दावली की नापास. पलीकडच्या एका क्लासमधी दर तीन महिन्याला रंग बदलायचा, लढत बिढत काय नाय. आपल्याकडचे आईबाप यायचे भांडायला, "सर, शेजारचं पोरगं काळ्यापर्यंत गेलं, आमचं अजून हिरव्यातच." तुम्ही म्हणायचे, "हिरवाच राहू द्या. अजून कच्चा आहे."

मग एकदा एक बाप लईच बोलला. म्हणला, तुम्हाला ज्याला पाडायचंय त्याच्यासमोर तुम्ही दांडगा गडी देता, लाडक्याला मऊ देता. पुढच्या परीक्षेला तुम्ही घरून मॅडमचा पोह्याचा स्टीलचा डबा घेऊन आले. वजनावारी नावाच्या चिठ्ठ्या केल्या. ज्याची परीक्षा, त्याच्यासमोर कोण येणार ते डबा ठरवणार.

"आता चिठ्ठी काढणार कोण?" तुम्ही सगळ्यांना विचारलं. "मी काढली तर म्हणाल, ओळखून काढली. अक्षर माझंच आहे. बबनराव काढतील. त्यांना वाचता येत नाही. या हॉलमधला सगळ्यात इमानदार हात त्यांचा."

सगळा हॉल हसला. सगळ्यात जास्त मी हसलो. माझं असंच हाय सर. लोक हसायच्या बेतात दिसले की मी त्यांच्या आधी हसून घेतो.

पण घरी जाऊन झोप आली नाय मला. दुसरीतून पळालेला माणूस मी. कागद समोर आला की सगळे माझा अंगठा मागायचे. तुम्ही पूर्ण हात मागितला. परीक्षेच्या दिवशी मी नखं कापून, साबणानं हात धुऊन यायचो. बायको म्हणायची, "लग्नात बी इतके धुतले नव्हते."

आता पुढचं ऐका, सर. हे तुम्हाला माहीत नाय.

परीक्षा झाली की त्या चिठ्ठ्या मी खिशात घालून घरी न्यायचो. कशाला, ते मला बी ठाऊक नव्हतं. टाकू वाटायच्या नाय. एक दिवस पोरीला म्हणलं, ह्यात माझं नाव हाय का बघ. तिनं काढून दिलं. म्हणली, "बाबा, दोन सारखे आन् एक वेगळं. हे तुम्ही." तुमच्या अक्षरात मी. ती चिठ्ठी मी रिक्षाच्या काचेला आतून चिटकवली. दिवसभर मालाच्या खेपा करायचो आन् माझं मलाच बघायचो.

मग सलीम आलं. मग जोशी. मग पूनम, किरण, राधा. मग अश्विनी, ते जोडलेलं अक्षर बघून मला लढतीपेक्षा जास्त घाम फुटला. सात-आठ महिन्यात क्लासमधली सगळी नावं यायला लागली. मग दुकानाच्या पाट्या. त्या तुमच्या अक्षरात नव्हत्या म्हणून वेळ लागला. पोरगी हसायची, "बाबा, पाटी मोठ्यानं वाचू नका, लोक बघायलेत."

तुम्हीच मला वाचायला शिकवलं सर, पोह्याच्या डब्यातून. तुम्हाला सांगायला मी रोज निघायचो आन् रोज दाराशी येऊन गप बसायचो. कारण सांगितलं की डबा गेला. माझ्याजवळ इज्जतीची तेवढी एकच गोष्ट होती, मला काही येत नाय ही.

मग माझी लाल बेल्टची परीक्षा आली. आमच्या वजनाच्या डब्यात चार चिठ्ठ्या. त्यात सलीमभाई. सलीमभाई एटीएमवर वॉचमन, मनानं लई मऊ, लाथेनं नाय. एकदा त्याची लाथ माझ्या छातीच्या गार्डवर बसली तर मला देवगाव रंगारीची माझी आजी दिसली. ती वारून वीस वर्ष झालेत. वरून सलीमभाई म्हणतो, "बबनभाई, जोर से तो नहीं लगा ना? मैं तो आहिस्ता मारा."

तुमचा कागद पातळ, शाई निळी, घडी एकच. डबा खिडकीकडं जरा कलता धरला की नाव उजेडात दिसायचं. सलीम वर आलं. मी ते बोटानं खाली ढकललं आन् जोशी काढलं. जोशीकाका, वय बासष्ट, कचेरीतून रिटायर, गुडघ्याला पट्टा.

काकांनी पहिल्याच राऊंडला गिरकी घेऊन माझ्या पोटात अशी घातली की मी आडवा. काका वर वाकून विचारायले, "लागलं का रे?" बेइमानी करून बी मार खाणारा जगात मी एकलाच असंल. आन् पास कसा झालो? पाठ दावली नाय म्हणून. पाठ दावायला आधी उठावं लागतं, मी उठलोच शेवटाला. तुम्ही माझा निळा सोडून लाल बेल्ट बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. म्हणले, "बबनराव, आज उभे राहिलात." मी खाली मान घातली. तुम्हाला वाटलं, वाकून नमस्कार केला.

ह्या गोष्टीवर मी हसून घेतलं असतं, सर. पुढं जे केलं त्यावर हसू येत नाय.

अश्विनी. पाचोडकडची, इथं मामाच्या घरी राहून शिकणारी. पूमसे असं की बघत राहावं. लढतीत मात्र समोरच्याचा पाय उचलला की डोळे मिटायची आन् गर्रकन पाठ. काळ्या बेल्टला तुम्ही तिला दोनदा नापास केलं. दुसऱ्या वेळेला ती जिन्यात बसली होती. म्हणली, "काका, बाबा म्हणतात तीनदा झालं की बास. बाबांचं बी बरोबरच हाय. एवढ्या लांबून येतात आन् मी पाठ दावते."

त्या दिवशी चहाच्या गाड्यावर मी तुमच्याशी भांडलो. आठवतं? तुम्ही अर्धा कप घ्यायचे, मी पूर्ण.

मी म्हणलं, "सर, एक राऊंड कमी करा तिला. आभाळ पडत नाय."

"मग पुढच्याला किती कमी करू?"

"पुढचं पुढं बघू. सगळ्यांना एकच माप लावता तुम्ही. सलीमभाईची छाती आन् त्या पोरीची छाती एक हाय का?"

"माप एकच आहे. घाई मी कोणालाच करत नाही," तुम्ही म्हणले. "बबनराव, उद्या रस्त्यात कोणी तिच्यावर हात उचलला आणि ती डोळे मिटून वळली, तर मी दिलेला बेल्ट काय करणार? पँट सावरणार?"

"आन् बापानं क्लासच बंद केला तर?"

तुम्ही कप ठेवला आन् उठले. मला वाटलं, मी जिंकलो. पण तुम्ही पुढच्या परीक्षेला बी दोनच राऊंड ठेवले.

त्या दिवशी तिचे वडील दारात उभे होते, चप्पल हातात घेऊन. आत यायला सांगितलं तर म्हणले, "नको, इथंच बरं हाय." डब्यात तीनच चिठ्ठ्या. किरण, म्हंजी बाहेर जाऊन मेडल आणणारी. राधा, तिच्या निम्म्यानं का होईना, पण मारणारी. आन् पूनम, लग्नानंतर वर्षभरानं परत आलेली, एका राऊंडमधी धापा टाकणारी. मी डबा उजेडाकडं केला. म्हातारीनं सुईत दोरा ओवावा तशी मी पूनम हुडकली आन् काढली.

अश्विनी दोन्ही राऊंड उभी राहिली. डोळे मिटले एकदा, पण वळली नाय. तिचे वडील चप्पल घालून आत आले, मग मॅट दिसली तशी परत काढली. तुम्ही निकाल सांगितला.

संध्याकाळी गाड्यावर तुम्ही भजे मागवले. सात वर्षात तुम्ही कधी भजे मागवले नव्हते. म्हणले, "बघा बबनराव. दोनदा थांबवलं म्हणून आज तिची ती उभी राहिली. आधीच दिला असता तर तिला कधी कळलं असतं? सांगा, आपल्या भांडणात कोण जिंकलं?"

मी तोंडात गरम भजं धरून म्हणलं, "तुम्ही जिंकले, सर."

एवढंच मला आता खातं. चिठ्ठीचं नाय एवढं. तुम्ही माझ्याशी खरं भांडले, आन् मी तुम्हाला खोटं जिंकू दिलं. त्यानंतर कोणी बाप भांडायला आला की तुम्ही म्हणायचे, "त्या अश्विनीला विचारा. तिला मी दोनदा थांबवलं होतं." आन् मी बाजूला मॅट पुसत असायचो. पुसलेलीच मॅट परत पुसायचो.

सांगायला गेलो होतो, सर. एकदा खरंच गेलो होतो. मागच्या परीक्षेला, तुम्ही डबा माझ्या हातात दिला तवा मी सगळ्यांसमोर म्हणलं, "सर, आता दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला आता वाचता येतं."

तुम्ही चष्म्यावरून बघितलं आन् म्हणले, "असं का? मग मला आता कोरियन बोलता येतं."

हॉल खदखदला. सलीमभाई म्हणला, "अरे बबनभाई, पढ़ के बताव ना, आज का पेपर!" आन् सर, मी बी हसलो. नुसती एक चिठ्ठी उघडून वाचून दावायची होती. हातातच होती. राधा लिव्हलं होतं तिच्यावर. पण आयुष्यभर लोकांना हसवलं की असं होतं, खरं बोलायला तोंड उघडलं तरी लोक दात काढायला तयार बसलेले असतात, आन् त्यांच्या आधी माझे निघतात. त्या दिवशी मी डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या. कुणाला वाटलं, बबन काहीतरी नकला करायलाय. टाळ्या बी पडल्या.

मग मी ठरवलं, एकटं गाठून सांगायचं. एका रविवारी रिक्षा घेऊन तुमच्या गल्लीपर्यंत आलो. तुम्ही ओट्यावर बसून कुणाच्या तरी हेड गार्डचा पट्टा शिवत होते. मला बघून हात केला. मी बी हात केला आन् सरळ पुढं निघून गेलो, जसं काय मला माल पोचवायची घाई हाय. रिक्षा रिकामी होती. तुम्हाला दिसलं असंल.

पुढच्या आठवड्यात तुमच्याकडं नळ आला. मॅडम म्हणत होत्या, आठ दिवसानं आलेला नळ, म्हणून तुम्ही पाइप धरून टाकीपाशी उभे होते, आन् तिथंच खाली बसले. टाकी भरून पाणी गल्लीत आलं तवा शेजारच्यांनी आवाज दिला. मी पोचलो तवा अंगण अजून ओलं होतं. आपला सगळा क्लास रांगेत उभा राहिला, बेल्टप्रमाणं, कुणी न सांगता. कुणीतरी हळू आवाजात हुकूम दिला आन् आपण सगळे वाकलो. मी जरा जास्तच वाकलो आन् माझं डोकं सलीमभाईच्या पाठीत बसलं. सलीमभाई रडत होता, त्यानं मागं हात करून माझं डोकं तसंच धरून ठेवलं.

शोकसभेत अश्विनी बोलली. चारच वाक्य. "सरांनी मला दोनदा नापास केलं. मला लई राग आला होता. तिसऱ्यांदा मी कुणाच्या मेहेरबानीनं पास नाय झाले. एवढी एक गोष्ट माझी स्वतःची हाय, ती सरांनी दिली." तिचे वडील पहिल्या रांगेत होते. मी मागं खांबापाशी. मला वाटलं खांबात शिरावं.

सांगा सर, ह्याचं काय करू? खरं सांगितलं तर तिची ती एक गोष्ट जाती. नाय सांगितलं तर तुमचं भांडण कायमचं खोटं राहतं. तुम्ही असते तर मार खाऊन मोकळा झालो असतो. आता कुणाचा मार खाऊ? मॅडमकडं गेलो होतो, म्हणलं त्यांना तरी सांगावं. त्यांनी चहा दिला आन् म्हणल्या, "बबनराव, तुमच्यावर ह्यांचा फार विश्वास होता." मी चहा पिऊन आलो. ह्या हातानं दुसरं काय जमतं?

काल क्लास परत सुरू झाला. अश्विनी शिकवायलीय. तुमच्या जागेवर उभी राहत नाय ती, एक पाऊल बाजूला राहती. पुढच्या रविवारी परीक्षा ठेवलीय तिनं, दोन राऊंड तसेच. मॅडमनी डबा पाठवलाय. तिनं तो माझ्यापुढं धरला. "काका, चिठ्ठ्या तुम्हीच काढायच्या. सरांची पद्धत मोडायची नाय."

मी म्हणलं, "पोरी, मला वाचता येतं."

ती हसायला लागली. ह्या वेळेला मी हसलो नाय. तिच्या हातातलं हजेरीचं रजिस्टर घेतलं आन् तुमच्या अक्षरातली नावं वरून खाली वाचत गेलो. तिच्या नावापाशी आलो तवा तिचं हसू थांबलं होतं.

"कवापासून?"

"दोन वर्ष होत आले."

"म्हंजी तुमच्या लाल बेल्टला..."

"व्हय. सलीमभाईला बाजूला सारलं आन् काकांना काढलं."

तिनं रजिस्टर माझ्या हातातून परत घेतलं. मग म्हणली, "आन् माझ्या वेळेला?"

सर, तिच्या मागं मॅटवर पोरं रांगेत उभी होती. सलीमभाई पट्टे बांधत होता. मी इतकं सरळ आजवर कधी कुणाकडं बघितलं नाय. मी म्हणलं, "तुझ्या वेळेला डोळे मिटून काढली."

तिला पटलं का नाय, मला कळालं नाय. मला वाटलं ती आणखीन एकदा विचारंल, आन् विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं. आईशप्पथ सांगितलं असतं. तिनं विचारलं नाय. डबा बंद केला, सलीमभाईकडं दिला, "तुम्ही काढा, डोळ्याला फडकं बांधून." मग माझ्याकडं वळली. मी काय करावं ते न कळून, सवयीनं, हसलो.

"काका, दात काय काढता? तो लाल सोडा, निळ्याच्या रांगेत जा. वॉर्मअप सुरू झालाय."